फ्लॉपी कुणाच्या हातची?

"ही कुणाच्या हातची?"

फ्लॉपी घेऊन कुणीही आलं की त्यांचा पहिला प्रश्न हाच. भाजीचा घास घेऊन विचारावं, तसा. समोरचा माणूस गोंधळायचा. तो सांगायला आलेला असायचा की कम्प्युटर फ्लॉपी ओळखतच नाही, आत महत्त्वाचं आहे, आजच हवं आहे. ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे, फ्लॉपीची पत्र्याची झडप नखाने सरकवून आत डोकवायचे आणि म्हणायचे, "ते कळलं रे, माणसा. पण ही कुठल्या मशीनच्या हातची?"

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो, तेवढं पुरे. वसईचे ख्रिश्चन. बहारीनला आले ते रेडिओ मेकॅनिक म्हणून. मग टीव्ही, टाइपरायटर, टेलेक्स असं जे जे आलं आणि बिघडलं ते दुरुस्त करत करत नव्वदच्या दशकात कम्प्युटरपर्यंत पोचले. शिक्षण दहावी, तेही इंग्रजीत गटांगळ्या खात. हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं, आणि त्याला कारण मीच होतो.

मीना सलमान बंदरात आमच्या कंपनीचं गोडाऊन होतं. जहाजांना लागणारे पंप, व्हॉल्व्ह, पट्टे, नट-बोल्ट, असला माल. कोपऱ्यात प्लायवूडची भिंत घालून काढलेल्या खोलीत अंकल बसायचे; तेच त्यांचं वर्कशॉप. मी नवा लागलेला स्टोअर क्लार्क. खोलीच्या दारात उभं राहून मी ओळख करून दिली, "मी बी.एस्सी. आहे. कम्प्युटरचा डिप्लोमापण केलाय."

आज हे लिहिताना हसू येतं, पण लाज वाटत नाही. माझे वडील परभणीला जिनिंग फॅक्टरीत हमाल होते. आमच्या वस्तीत पदवी घेणारा मी पहिला. डिग्रीचा कागद आईने फ्रेम करून बुद्धाच्या मूर्तीशेजारी लावला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती. अशा घरातून आलेला पोरगा दारात उभा राहिला की आधी डिग्री सांगतो, मग नाव.

अंकलनी सोल्डरची कांडी खाली ठेवली. म्हणाले, "वा. मी दहावी, तीही ढकलत ढकलत. मग मला शिकव."

मला वाटलं थट्टा करतायत. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते खरंच वही घेऊन बसले. शंभर पानी, कव्हर फाटलेली. त्यात त्यांनी कम्प्युटरचे हुकूम मराठीत उतरवून ठेवले होते. 'डीआयआर: आत काय आहे ते दाखव.' 'कॉपी: एक ठेवून दुसरं कर.' 'डिलीट: पुसण्याआधी मालकाला विचार.' आणि एका अख्ख्या पानावर एकच ओळ, 'फॉरमॅट: हात लावू नये. लावावाच लागला तर आधी देवाचं नाव घ्यावं.'

आठवडाभर ते माझ्याकडून शिकले. मध्येच थांबवून असे प्रश्न विचारायचे की मीच पुस्तक काढून बघायचो. तेव्हापासून मी 'ग्रॅज्युएट' झालो. "काय ग्रॅज्युएट, चहा झाला?" "ग्रॅज्युएट, तुझा शर्ट उलटा आहे." घरी आम्ही बौद्ध, हे कळल्यावर सकाळी पहिल्यांदा भेटलो की "जयभीम, ग्रॅज्युएट" म्हणायचे आणि त्या क्रिसमसला मी "हॅपी क्रिसमस" म्हणायच्या आधीच त्यांनी माझ्या हातात सुकेळी ठेवली. वसईची वाळवलेली केळी, केळीच्याच पानात गुंडाळलेली. "बायकोच्या हातची," म्हणाले. त्यांच्याकडे सगळंच कुणाच्या ना कुणाच्या हातचं असायचं.

गुदैबिया नावाच्या वस्तीत आम्ही दोघं एकाच गल्लीत राहायचो. मी सहा जणांच्या खोलीतल्या एका खाटेवर, ते वाण्याच्या दुकानावरच्या फ्लॅटमध्ये. शुक्रवारी सुट्टी, पण त्यांच्या दारात माणसं असायचीच.

एकदा एक नर्स आली. घरी तिने जुना कम्प्युटर घेतला होता. हॉस्पिटलच्या नव्या मशीनवर तिने नोकरीचा अर्ज टाइप करून फ्लॉपीत घेतला, पण घरचं जुनं मशीन ती फ्लॉपी ओळखेना. अंकलनी फ्लॉपीच्या कोपऱ्यातलं चौकोनी भोक तिला दाखवलं. "हे बघ. नवं मशीन हे भोक बघतं आणि म्हणतं, वा, भारी कागद आहे, बारीक अक्षरात लिहू. तुझ्या जुन्या मशीनला चाळिशी लागलीय. त्याला बारीक दिसत नाही." मग कोऱ्या फ्लॉपीच्या भोकावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली. "आता नवंसुद्धा मोठ्या अक्षरात लिहील. यावर उतरवून आण."

ती म्हणाली, "बस? एवढंच?"

"हो. बिघाड नव्हताच गं. दोघांची ओळख नव्हती, एवढंच."

आता फ्लॉप्या गेल्या. तुमच्यापैकी कुणी जुन्या कम्प्युटरला नवा पेनड्राइव्ह लावून बघितला असेल, तो दिसत नाही म्हणून काढून, पुसून, फुंकर मारून पुन्हा लावला असेल. आणि शेवटी त्या पेनड्राइव्हलाच शिव्या दिल्या असतील. अंकलनी कधीच कुठल्या फ्लॉपीला शिवी दिली नाही. त्यांचं म्हणणं असं की लिहिणारा असतो, वाचणारा असतो, आणि भांडण त्या दोघांचं असतं. फ्लॉपी बिचारी मधल्या मध्ये मार खाते.

हे सगळं मी रोज ऐकत होतो. तरी मी काय केलं ते आता सांगतो.

कंपनीने मला तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलं होतं. काम एकच. गोडाऊनमधल्या सगळ्या मालाची यादी जाड कार्डांवर होती, ती कम्प्युटरवर चढवायची. गोडाऊनमध्ये एक म्हातारं मशीन होतं, त्यावर मी दिवसदिवस टाइप करत बसायचो. ऑफिसला नवा कम्प्युटर यायचा होता. मॅनेजर बहारीनी, हिंदी आमच्यापेक्षा सफाईदार बोलणारे. त्यांनी आदल्या आठवड्यात सांगितलं होतं, "शनिचर को नए मशीन पर लिस्ट दिखनी चाहिए. मुझे इंशाल्ला नहीं चाहिए, लिस्ट चाहिए." त्याच शनिवारी माझं प्रोबेशन संपत होतं. लिस्ट दिसली तर व्हिसा पुढे, नाही तर परभणी.

सोमवारी यादी पूर्ण झाली. मी शिकलेला माणूस, म्हणून एक नाही, तीन फ्लॉप्यांवर तीन कॉप्या केल्या. तिन्ही त्याच मशीनमध्ये पुन्हा घालून तपासल्या. तिन्ही उत्तम. मग मी आणखी शहाणपणा केला. कंपनीची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून जुन्या मशीनची हार्ड डिस्क पुसली, आणि मॅनेजरना विचारून ते मशीन भंगारवाल्याच्या पिकअपमध्ये चढवलं. विचारलं मशीनचं. कार्डांचे खोके मात्र कुणालाच न विचारता त्याच पिकअपमध्ये ठेवले. आता कार्डं कशाला, असं मला वाटलं. पिकअप गेली तेव्हा मी हात झटकले आणि जागा झाडून काढली.

बुधवारी सकाळी वरच्या ऑफिसात नवा कम्प्युटर आला. मी पहिली फ्लॉपी घातली. पडद्यावर आलं की ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? दुसरी घातली. तेच. तिसरी घातली. तेच. वाटलं, नवं मशीन आहे, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. ते म्हणतंय फॉरमॅट कर, तर करून बघू. बोट 'हो'वर गेलं.

"हात मागे."

अंकल नव्या कम्प्युटरची वायरिंग बघायला वर आले होते. एवढ्या कडक आवाजात ते पहिल्यांदाच बोलले. मी बोट उचललं. त्यांनी फ्लॉपी काढली, उलटसुलट केली.

"ही कुणाच्या हातची?"

"गोडाऊनवाल्या मशीनच्या."

"आण त्याला."

"अंकल, ते गेलं. भंगारात. मीच दिलं."

"कार्डं?"

"तीपण."

ते खुर्चीवर बसले. "कॉप्या किती?"

"तीन."

"तिन्ही त्याच्याच हातच्या?"

मी मान हलवली.

"शाबास, ग्रॅज्युएट. एकाच घरातले तीन साक्षीदार आणलेस. तिघं सारखंच बोलणार." मग माझा चेहरा बघून आवाज खाली आणला. "रडू नकोस. खोटं बोलत नाहीयेत ते. त्यांची भाषा तेवढी घरची आहे."

आधी त्यांनी काळी पट्टी लावून बघितली. नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं टॅक्सी करून भंगाराच्या वाड्यावर गेलो. रखवालदाराने आतूनच हात हलवला, "मफी, मफी. खलास." म्हणजे काही उरलं नाही. मशीनचा चपटा झालेला पत्रा मला दुरून ओळखू आला. कार्डांचा तर मागमूसही नव्हता.

आम्ही टॅक्सीत परत बसलो. मला एक गोष्ट आठवली आणि मी आणखी खचलो. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ते जाणार होते. रजेवर नव्हे, कायमचे. वीस-बावीस वर्षं झाली, आता बस, असं ठरवून व्हिसा कॅन्सल केला होता, दुपारचं विमान होतं. त्याच बुधवारी संध्याकाळी गल्लीतल्या लोकांनी त्यांच्यासाठी जेवण ठेवलं होतं.

"अंकल, तुम्ही घरी जा. सामान बांधायचं असेल," मी म्हटलं.

"सामान काय, दोन बॅगा. बायकोला नायटी आणि नातवाला विमान. बांधून झालंय." मग जरा वेळाने, "त्या म्हाताऱ्या ड्राइव्हचं डोकं वाकडं होतं. पडलं असेल कधी तरी. स्वतःचं वाकडं अक्षर त्याला स्वतःला बरोबर वाचता येत होतं, म्हणून तुला कळलं नाही. आता सरळ माणसाला ते वाचता येईना. मग काय करायचं? एका सरळ माणसाला तेवढंच वाकडं करायचं."

मला वाटलं ते बोलण्यापुरतं म्हणतायत. पण वर्कशॉपात येऊन त्यांनी स्वतःच्या मशीनचं झाकण काढलं. फ्लॉपीच्या ड्राइव्हमागे एक छोटी मोटर असते. वाचणारं डोकं ती आत-बाहेर सरकवते. दोन स्क्रू सैल करून मोटर केसभर फिरवली की डोकंही केसभर सरकतं. मोटर मुळात कुठे होती तिथे त्यांनी पेन्सिलने बारीक खूण केली. "परत यायचा रस्ता आधी लिहून ठेवायचा," म्हणाले, आणि स्क्रूला हात घातला.

केसभर डावीकडे. मी डीआयआर मारायचो. नाही. आणखी केसभर. नाही. उजवीकडे. नाही. जेवण ठेवलेल्यांचे दोनदा फोन आले. "तुम्ही जेवा रे, माझं ताट झाका," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. आठ वाजता ते उठले. "डोळे थकले. सकाळी येतो."

"सकाळी? अंकल, तुमचं विमान..."

"विमान दुपारी आहे. सकाळ रिकामीच आहे."

सात वाजता ते आले तेव्हा मी त्यांना क्षणभर ओळखलं नाही. क्रीम रंगाचा कोट, इस्त्रीची पँट, केसांना तेल, दाढी गुळगुळीत. माझ्या डोळ्यांपुढे ते कायम ग्रीसच्या डागांच्या शर्टातच होते. कोट त्यांनी काढला नाही. फक्त बाह्या मागे सारल्या. "कोट काढला तर विसरेन इथेच. बायको विचारेल."

नऊच्या सुमाराला, मोटर इतकी कमी फिरवली असेल की मला ती फिरलेली दिसलीच नाही, पण ड्राइव्हची घरघर बदलली आणि पडद्यावर माझ्या फायलींची नावं एकाखाली एक उतरली. पंप. व्हॉल्व्ह. पट्टे. मी ओरडलो. ते ओरडले नाहीत. "हलू नकोस. टेबलाला धक्का लावू नकोस. उतरवून घे आधी."

दोन फाइली पहिल्या फ्लॉपीवरून येईनात. त्या दुसरीवरून आल्या. एक फक्त तिसरीवरून आली. अंकल मागे टेकले. "बघ. तीन केल्यास ते बरं केलंस." कालपासून ते वाक्य त्यांनी कुठे जपून ठेवलं होतं कोण जाणे. मला मात्र त्याने उभं केलं.

पण यादी अजून वर्कशॉपच्या मशीनमध्येच होती. ऑफिसला न्यायची तर फ्लॉपीवरूनच, आणि वाकड्या ड्राइव्हने लिहिलेलं पुन्हा वाकडंच येणार. अंकलना विमानतळावर न्यायला बाहेर ड्रायव्हर गाडी घेऊन आला होता. हॉर्न वाजला.

अंकलनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "आता सरळ तू कर. उद्यापासून हे तुलाच करायचंय."

मी स्क्रू सैल केले. मोटर पेन्सिलच्या खुणेवर आणली, स्क्रू घट्ट केले, झाकण लावलं. कारखान्यातून लिहून आलेली एक फ्लॉपी त्यांनी खास जपून ठेवलेली होती, ती घातली. ड्राइव्ह सुरू झाला. आणि अंकल कोटासकट वाकले, मशीनच्या झाकणाला जिथे हवेच्या फटी असतात तिथे गाल टेकवला आणि डोळे मिटून ऐकत राहिले. डॉक्टर छातीला कान लावतो तसे.

"यल्ला, अंकल!" बाहेरून ड्रायव्हर.

"थांब रे." डोळे मिटलेलेच. मग, "ठीक. लिही आता."

मी ताजी फ्लॉपी लिहिली आणि आम्ही दोघं ऑफिसात वर गेलो. मॅनेजर नव्या कम्प्युटरसमोर बसले होते. फ्लॉपी घातली. कुठलाही प्रश्न न विचारता यादी उघडली. त्यांनी पंप शोधून बघितला, पट्टा शोधून बघितला. मग वळून अंकलकडे बघितलं आणि बघतच राहिले.

"किसने किया?"

"इसने," अंकल माझ्याकडे बोट करून म्हणाले.

"नहीं, सर," मी म्हटलं. "मैंने तो पुराना मशीन फेंका. कार्ड भी फेंके, आपसे पूछे बिना. फ्लॉपी भी मिटाने वाला था. बचाया इन्होंने."

अंकलनी मला मराठीत हाणलं, "तुला कुणी विचारलं होतं एवढं? गप बस ना, माणसा."

मॅनेजरना मराठी येत नव्हतं, पण कळलं असावं. त्यांनी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितली. त्या वेळात मी परभणीचं स्टेशन बघून आलो. मग त्यांनी अंकलना विचारलं, "आप जा रहे हो. सच बताओ. इसको रखूँ?"

"रखो, साब. लड़का तीन-तीन कॉपी करता है. सिर्फ एक ही जगह करता था. वो अब नहीं करेगा."

"और कार्ड?"

"वो भी नहीं फेंकेगा. देखो उसका मुँह."

मॅनेजरनी माझं तोंड बघितलं आणि हसले. "खलास. शनिचर को कन्फर्मेशन लेटर ले जाना."

मी अंकलच्या बॅगा नव्हे, त्यांची वहीच तेवढी हातात घेऊन गाडीपर्यंत गेलो. वही त्यांनी परत घेतली नाही. "मला काय, आता वाडीतली केळी आणि मोगरा. त्यांना फॉरमॅट नसतो." मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून वर उचललं आणि शेकहँड केला. दोन पदवीधर करतात तसा, जोरात.

ते गाडीत बसले, काच खाली केली आणि मला हात केला, तेव्हा मी नीट बघितलं. मघाशी मॅनेजर काय बघत होते ते कळलं. अंकलच्या गुळगुळीत दाढीवर, उजव्या गालावर, मशीनच्या झाकणाच्या फटींची धूळ उमटली होती. इस्त्रीचा कोट, तेल लावलेले केस, आणि गालावर काळ्या रेघा. विमानात, मुंबईला, थेट वसईच्या दारापर्यंत ते असेच जाणार होते.

सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. गाडी बंदराच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी हात हलवत उभा होतो.

चार रेघा होत्या. अगदी सरळ.